एकच कर्नल, दोन कंपायलर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात स्वतःचे छोटे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहून पाहण्याविषयी लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीभोवती फिरतात: एका कंपायलरने (कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) बांधलेला कोड बिनतक्रार चालतो आणि तोच कोड दुसऱ्याने बांधला की अडतो. हे दोन कंपायलर म्हणजे जीसीसी आणि क्लँग. त्यांतील निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, येथे घेतले आहेत.

प्रश्न: एक्स८६-६४ या प्रोसेसरसाठी लिहिलेले माझे कर्नल क्लँगने बांधले की नीट सुरू होते. तेच जीसीसी १० ने, ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी लावून बांधले, तर पडद्यावर एक अक्षरही न उमटता यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट होते. ऑप्टिमायझेशन काढले की पुन्हा चालते. फ्रीस्टँडिंगचा (कोड ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराशिवाय चालणार, असे कंपायलरला सांगणारा) पर्याय दिलेला आहे आणि मानक लायब्ररी कोठेही जोडलेली नाही. हा जीसीसीतील दोष समजावा का?

उत्तर: जीसीसीला दोष देण्यापूर्वी एक काम करावे. तयार झालेल्या फाइलवर ऑब्जडंप (फाइलीतील सूचना दाखवणारे साधन) चालवून, मेमरीचा भाग एकाच किमतीने भरणाऱ्या आपल्या मेमसेट या फंक्शनची असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना, वाचावी. माझा अंदाज बरोबर असेल, तर त्या फंक्शनच्या पोटात तुम्ही लिहिलेले लूप दिसणार नाही. त्याजागी मेमसेटलाच केलेला कॉल दिसेल.

हे असे का होते, ते पाहू. लांबी संपेपर्यंत एकेक बाइट लिहायचा आणि पॉइंटर पुढे सरकवायचा, असे साधे लूप तुम्ही लिहिले असणार. ऑप्टिमायझरला (कोड वेगवान करण्यासाठी बदलणाऱ्या कंपायलरच्या भागाला) असे लूप चांगले ओळखीचे असते. ‘हे तर मेमसेटचे काम’ असे ठरवून तो लूप काढतो आणि तेथे मेमसेटचा कॉल घालतो. इतर कोणत्याही फंक्शनमध्ये हा बदल फायद्याचाच असतो, पण खुद्द मेमसेटच्या आत तो झाला की फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते. दर फेरीला स्टॅकवर (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवण्याच्या मेमरीत) परतीच्या पत्त्याचे आठ बाइट आणि स्टॅकच्या संरेखनासाठी आणखी आठ, असे सोळा बाइट खर्च होतात, म्हणजे सोळा किलोबाइटचा स्टॅक १,०२४ फेऱ्यांत संपतो. स्टॅकखालच्या पानाला मेमरी जोडलेली नसेल तर पेज फॉल्ट येतो, त्याच्या हँडलरलाही तोच संपलेला स्टॅक मिळाल्याने डबल फॉल्ट होतो, तोही हाताळता न आल्याने ट्रिपल फॉल्ट होतो आणि प्रोसेसर रीसेट होतो. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे या साखळीशी जुळतात.

लूप ओळखण्याची ही क्रिया जीसीसी ९ पर्यंत ऑप्टिमायझेशनच्या तिसऱ्या पातळीवर आपोआप चालू होत असे, ती जीसीसी १० पासून दुसऱ्या पातळीवरच होऊ लागली. त्यामुळे वर्षानुवर्षे नीट चाललेला कोडही आवृत्ती बदलल्यावर असा अडू शकतो. फ्रीस्टँडिंगच्या पर्यायाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. मानक लायब्ररी नसली तरी मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शने तुम्ही पुरवलीच पाहिजेत, असे जीसीसीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे कंपायलरने वचन मोडलेले नाही. मात्र ती चार फंक्शने सी भाषेत लिहिणाऱ्याची त्याने पंचाईत करून ठेवली आहे, हे मान्य करायला हवे.

क्लँग ज्या एलएलव्हीएम या साधनसंचावर उभा आहे, त्याच्या लूप ओळखण्याच्या टप्प्यात ज्या फंक्शनचे नाव मेमसेट किंवा मेमकॉपी आहे, ते वगळण्याची तरतूद आहे. शिवाय क्लँगमध्ये फ्रीस्टँडिंगच्या पर्यायाबरोबर अंगभूत फंक्शनांविषयीची गृहीतकेही बंद होतात. त्यामुळे तेथे तुम्ही बचावलात. परंतु फ्रीस्टँडिंगचा पर्याय एखाद्या फाइलपुरता राहून गेला आणि मेमसेटने प्रत्यक्ष भरण्याचे काम दुसऱ्या नावाच्या मदतनीस फंक्शनकडे सोपवलेले असले, तर केवळ नावावरून मिळणारे संरक्षण पुरणार नाही. उपाय दोन आहेत. ज्या फाइलीत ही फंक्शने आहेत, तेवढ्या फाइलीसाठी लूप ओळखण्याची क्रिया जीसीसीत बंद करावी, किंवा एक्स८६ वर पुनरावर्ती बाइटलेखनाची सूचना वापरून ती थेट असेंब्लीत लिहावीत. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण असेंब्लीतील फंक्शनकडे पाहून त्याचा हेतू ताडणारा ऑप्टिमायझर अस्तित्वात नसतो.

प्रश्न: इनलाइन असेंब्लीच्या (सी कोडमध्येच लिहिलेल्या प्रोसेसरच्या सूचनांच्या) दोन ओळी आहेत. पहिली निकालाच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठवणजागेत) १० ठेवते, दुसरी त्यात इनपुट मिळवते. जीसीसीने उत्तर बरोबर येते. क्लँगने बांधले की इनपुट काहीही असो, उत्तर २० येते.

उत्तर: तुमच्या पत्रातील २० या आकड्यातच उत्तर दडलेले आहे. क्लँगने इनपुट आणि निकाल दोन्हींसाठी एकच रजिस्टर निवडले. पहिल्या सूचनेने त्यात १० ठेवले, तेव्हाच तुमचे इनपुट पुसले गेले. दुसऱ्या सूचनेने त्या १० मध्ये तेच १० मिळवले.

असे रजिस्टर निवडण्याचा क्लँगला पूर्ण अधिकार होता. इनलाइन असेंब्लीतील मजकूर कंपायलर समजून घेत नाही. तो फक्त तुम्ही दिलेल्या अटी वाचतो, आणि सर्व इनपुट वाचून झाल्यावरच निकाल लिहिला जातो, असे धरून चालतो. तुमच्या कोडमध्ये निकाल आधी लिहिला जातो आणि इनपुट नंतर वाचले जाते. हे कंपायलरला सांगण्यासाठी निकालाच्या अटीत ‘&’ हे चिन्ह घालावे लागते, म्हणजे त्या रजिस्टरमध्ये कोणतेही इनपुट ठेवले जात नाही. जीसीसीने बरोबर उत्तर दिले, ते बहुधा इनपुटची किंमत पुढेही लागणार असल्याने तिला वेगळे रजिस्टर मिळाले म्हणून. पुढची ती ओळ काढून टाकली, तर जीसीसीही तुम्हाला २० देऊ शकतो. एका चिन्हाच्या अशाच उणिवेपायी मी स्वतः दोन रात्री निष्पाप इंटरप्ट कंट्रोलरवर संशय घेण्यात घालवल्या आहेत.

याच वर्गातील आणखी दोन चुका येथेच सांगतो. असेंब्ली एखाद्या पॉइंटरमार्फत मेमरीत काही लिहीत असेल आणि बदलणाऱ्या गोष्टींच्या यादीत ‘मेमरी’चा उल्लेख नसेल, तर कंपायलर त्या मेमरीतील जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवू शकतो. नुसते व्होलाटाइल लिहून हे टळत नाही. त्यामुळे असेंब्लीचा तुकडा अनावश्यक समजून काढून टाकला जात नाही, इतकेच. दुसरी चूक आकाराची आहे. ‘रजिस्टर किंवा मेमरी’ अशी मोकळीक अटीत दिली, की क्लँग अनेकदा मेमरी निवडतो, आणि मग सूचनेच्या नावात ३२ की ६४ बिट हे सांगणारे शेवटचे अक्षर नसेल तर आकार कोठूनच कळत नाही. बिट तपासणाऱ्या काही सूचनांच्या बाबतीत जीसीसीबरोबर वापरला जाणारा ग्नू असेंब्लर अशा वेळी ३२ बिट गृहीत धरून पुढे जातो, तर क्लँगचा अंगभूत असेंब्लर सूचना संदिग्ध असल्याचे सांगून थांबतो. माझ्या मते येथे थांबणारा असेंब्लर अधिक उपकारक आहे. आकार दाखवणारे अक्षर नेहमी लिहावे.

प्रश्न: लिनक्सचे कर्नल इतकी वर्षे एकाच कंपायलरला बांधलेले का राहिले, आणि ते सुटले कसे?

उत्तर: १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी काम सुरू केले, तेव्हा मुक्तपणे मिळणारा आणि त्या कामाला पुरेसा असा कंपायलर म्हणजे जीसीसीच होता. साहजिकच कर्नल मानक सी मध्ये नव्हे, तर ग्नू प्रकल्पाने, म्हणजे जीसीसीने, वाढवलेल्या सी मध्ये लिहिले गेले. वाक्यसमूहालाच किंमत असणे, टाइपऑफ, केसमधील पल्ला या सोयी क्लँगनेही आत्मसात केल्या. अडले ते मोजक्या ठिकाणी, पण तेथे चांगलेच अडले.

एक ठिकाण म्हणजे स्ट्रक्चरच्या आत, प्रोग्रॅम चालताना लांबी ठरणारी ॲरे. कर्नलच्या क्रिप्टो विभागात हॅशची माहिती स्टॅकवर ठेवण्यासाठी ही युक्ती सर्रास वापरलेली होती. ही सोय देण्यास क्लँग तयार नव्हता. तेव्हा कर्नलच्या बाजूने त्या जागी एक मॅक्रो (नाव दिलेला तयार कोडतुकडा) आणून निश्चित लांबीची जागा घेण्याची पद्धत रूढ करण्यात आली. पुढे, कर्नलचा स्टॅक मर्यादित असल्याने बदलत्या लांबीची कोणतीही ॲरे स्टॅकवर घेणे धोक्याचे, असा विचार बळावला आणि २०१८ मध्ये ४.२० या आवृत्तीपर्यंत अशा सगळ्याच ॲरे काढल्या गेल्या. दुसऱ्या कंपायलरची अडचण म्हणून सुरू झालेली सफाई पहिल्यासाठीही हिताची ठरली.

दुसरे ठिकाण ‘असेंब्ली गोटो’चे. असेंब्लीतून थेट सी मधील लेबलवर उडी मारण्याची ही सोय जीसीसी ४.५ मध्ये, २०१० साली आली. कर्नल तिचा उपयोग क्वचितच लागणाऱ्या तपासण्यांसाठी करते: एरवी त्या जागी काहीही न करणारी सूचना असते, आणि तपासणी चालू करायची वेळ आली की धावत्या कर्नलमध्येच तिच्या जागी उडीची सूचना लिहिली जाते. २०१८ मध्ये ४.१७ पासून एक्स८६ साठी ही सोय सक्तीची झाली, आणि क्लँगमध्ये ती २०१९ च्या नवव्या आवृत्तीत आली. मधल्या वर्षभराहून अधिक काळ मूळ कर्नल एक्स८६ वर क्लँगने बांधता येत नव्हते. गंमत अशी, की याच सोयीला निकाल परत देण्याची जोड मिळाली, तेव्हा क्रम उलटला: क्लँग ११ मध्ये ती २०२० साली आली आणि जीसीसी ११ मध्ये २०२१ साली.

एआरएम६४ या, फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या, प्रोसेसरवर मात्र वाट लवकर मोकळी झाली होती. गुगलचा पिक्सेल २ हा फोन २०१७ मध्ये क्लँगने बांधलेले कर्नल घेऊनच बाजारात आला. २०२० च्या ५.७ या आवृत्तीपासून बांधणीच्या मेक या आज्ञेला एकच चल देऊन कंपायलर, लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारे साधन) आणि इतर साधने एकदम एलएलव्हीएमची निवडता येऊ लागली. २०२२ मधील ५.१८ मध्ये कर्नलची भाषा १९८९ च्या ग्नू सी वरून २०११ च्या ग्नू सी वर आली.

अर्थात सुटका एकदाच होऊन संपत नाही. २०१९ मध्ये एलएलव्हीएम काही ठिकाणी मेमकंपेअरच्या जागी बीसीएमपीचा कॉल घालू लागला, आणि २०२० मध्ये नुसती स्ट्रिंग छापणाऱ्या एसप्रिंटएफच्या जागी एसटीपीकॉपीचा. कर्नलमध्ये ही दोन्ही फंक्शने नव्हती, त्यामुळे लिंकर अडला आणि शेवटी ती कर्नलमध्ये घालावी लागली.

प्रश्न: जीसीसीची आवृत्ती सांगणारा मॅक्रो पाहून मी नव्या सोयी वापरतो. क्लँग अगदी ताजा असूनही जुन्या कंपायलरसाठी लिहिलेला भाग का निवडला जातो?

उत्तर: कारण क्लँग त्या मॅक्रोतून स्वतःची ओळख जीसीसी ४.२.१ अशी सांगतो आणि त्यात वर्षानुवर्षे बदल झालेला नाही. आवृत्ती विचारण्याऐवजी सोय विचारावी. अमुक ॲट्रिब्यूट आहे का, हे विचारणारा मॅक्रो जीसीसी ५ पासून आणि अमुक अंगभूत फंक्शन आहे का, हे विचारणारा जीसीसी १० पासून उपलब्ध आहे. क्लँगमध्ये दोन्ही आहेत. आवृत्ती पाहणे अटळच असेल, तर क्लँगची तपासणी आधी करावी.

बांधणीच्या पर्यायांबाबतही हीच दक्षता हवी. स्टॅक आठ बाइटांवर संरेखित ठेवण्यासाठी जीसीसीला ३ हा आकडा द्यावा लागतो, कारण तो दोनाचा घात मागतो, तर क्लँगच्या पर्यायाला थेट ८ द्यावे लागतात. अनोळखी इशाऱ्याचा पर्याय दिला तर क्लँग चूक न मानता केवळ इशारा देतो. त्यामुळे ‘हा पर्याय चालतो का’ ही तुमची चाचणी खोटी यशस्वी होते, आणि चाचणीपुरता तरी तो इशारा चूक म्हणून गणावा लागतो. उलट, इशारा बंद करणारा अनोळखी पर्याय जीसीसी एरवी मुकाट्याने स्वीकारतो. काही पर्याय मात्र दोघांनाही सारखेच लागू आहेत. एक्स८६-६४ वर स्टॅक पॉइंटरच्या खालची १२८ बाइटांची ‘रेड झोन’ ही राखीव जागा कर्नलसाठी बंद करावीच लागते, कारण त्याच स्टॅकवर इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा संकेत) आला की प्रोसेसर त्या जागेवर बेलाशक लिहितो.

प्रश्न: ३२ बिटांच्या यंत्रासाठी क्लँगने बांधताना लिंकर म्हणतो, की ६४ बिटांच्या भागाकाराचे फंक्शन सापडत नाही. त्या फाइलीत मी भागाकार केलेलाच नाही. फक्त नॅनोसेकंदांमधून एकेक सेकंद वजा करणारे लूप आहे.

उत्तर: तेच लूप भागाकार झाले आहे. एक अब्ज किंवा त्याहून मोठी संख्या असेपर्यंत त्यातून एक अब्ज वजा करायचे आणि सेकंद एकाने वाढवायचा, याचा गणिती अर्थ भागाकार आणि बाकी हाच आहे, आणि ऑप्टिमायझरने तो ओळखला. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांचा भागाकार एका सूचनेत होत नसल्याने कंपायलर आपल्या सहायक लायब्ररीतील फंक्शनला कॉल करतो, आणि कर्नलमध्ये ती लायब्ररी सहसा जोडलेली नसते.

लिनक्समध्ये नेमके असेच लूप आहे. एक-दोन फेऱ्यांतच काम होणार असेल, तेथे महागडा भागाकार टाळण्यासाठी ते मुद्दाम लिहिलेले आहे. त्यात प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक रिकामी इनलाइन असेंब्ली आहे: एकही सूचना नाही, पण भाज्य संख्या येथे वाचली आणि बदलली जाते, एवढी अट तिला जोडलेली आहे. असेंब्लीने ती संख्या बदललीच नाही, हे कंपायलर जाणू शकत नाही, म्हणून त्याला फेऱ्यांचा हिशेब आधी मांडता येत नाही आणि लूप लूपच राहते. तुमच्या लूपमध्येही हीच ओळ घालावी आणि ती का आहे, याची टीप शेजारी लिहावी. नाही तर पुढे कोणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात ती काढून टाकील.

प्रश्न: इतक्या कटकटी असतील, तर ऑप्टिमायझेशन सरळ बंद का करू नये?

उत्तर: शिकाऊ कर्नलमध्ये एखादा दोष शोधताना तात्पुरते बंद करण्यास हरकत नाही. कायमचे करू नये. फंक्शन जागच्या जागी विस्तारले जाईल आणि त्याचा आर्ग्युमेंट स्थिरांक ठरेल, या भरवशावर लिहिलेली इनलाइन असेंब्ली तेव्हा बांधलीच जात नाही, आणि स्टॅकचा खर्चही बराच वाढतो. लिनक्स त्या पातळीवर बांधताच येत नाही.

प्रश्न: चूक नेहमी कोड लिहिणाऱ्याचीच, असा आपल्या उत्तरांचा सूर दिसतो. कंपायलर कधीच दोषी नसतो का?

उत्तर: असतो, पण त्याहून अधिक वेळा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि त्यांच्यातील करार अपुरा असतो. अशी दोन उदाहरणे देतो.

२००९ मध्ये लिनक्सच्या टन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक त्रुटी उघडकीस आली. त्यात एका पॉइंटरमधून आधी एक किंमत वाचली जात होती आणि तो पॉइंटर शून्य आहे का, हे नंतर तपासले जात होते. भाषेच्या नियमांनुसार शून्य पॉइंटरमधून वाचणेच निषिद्ध असल्याने, ज्याअर्थी वाचले त्याअर्थी तो शून्य नाही, असा निष्कर्ष काढून जीसीसीने पुढची तपासणी काढून टाकली. सामान्य प्रोग्रॅम अशा वेळी वाचतानाच कोसळतो. कर्नलमध्ये मात्र शून्य पत्त्यावरही मेमरी जोडलेली असू शकते, आणि त्या वाटेने हल्ला करता आला. तपासणीचा क्रम ही ड्रायव्हरची चूक होती, यात वाद नाही. तरीही त्यानंतर अशा तपासण्या न काढण्याचा पर्याय कर्नलच्या बांधणीत कायमचा घातला गेला, कारण कर्नलसाठी शून्य हा इतरांसारखाच एक पत्ता असू शकतो, हे कंपायलरला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरे उदाहरण २०२० मधील आहे. जीसीसी १० ने बांधलेले एक्स८६ कर्नल सुरू होतानाच, स्टॅक बिघडल्याचा संदेश देऊन, पॅनिक होऊ, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबू, लागले. दुय्यम प्रोसेसर सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये स्टॅकच्या रक्षणासाठी ठेवलेली पहारेकरी किंमत मध्येच नव्याने ठरवली जाते. म्हणजे आत शिरताना स्टॅकवर ठेवलेली किंमत आणि नंतरची किंमत जुळणार नाही, हे उघड आहे. परंतु त्या फंक्शनचा शेवट कधीही न परतणाऱ्या कॉलने होत असल्याने ती तुलना होण्याची वेळच येत नसे. जीसीसी १० ने त्या शेवटच्या कॉलचे रूपांतर साध्या उडीत केले. उडी मारण्यापूर्वी आपला स्टॅक आवरणे ओघाने आले, आणि आवरण्यापूर्वी तुलनाही. त्या एका फंक्शनपुरते रक्षण बंद करावे, तर त्यासाठीचे ॲट्रिब्यूट क्लँगमध्ये होते आणि जीसीसीत ते ११ व्या आवृत्तीत यायचे होते. म्हणून त्या कॉलनंतर, जेथे प्रोसेसर कधी पोहोचणारच नाही अशा ठिकाणी, एक मेमरी बॅरियर (मेमरीच्या कामांचा क्रम पाळायला लावणारी सूचना) ठेवण्यात आला. त्यामुळे तो कॉल फंक्शनमधील शेवटचे काम राहिला नाही आणि त्याची उडी होऊ शकली नाही.